पैसा शिक्षकांचा, विश्वस्त कोणाचे?

(वसई येथे शिक्षक कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



निवृत्तिवेतन ही सरकारची मेहेरनजर नव्हे. ते पुढे ढकललेले वेतन आहे. १ नोव्हेंबर २००५ पासून नेमलेल्या शिक्षकांना महाराष्ट्र सरकारने जुन्या योजनेतून वगळले. त्यांच्या पगारातून दरमहा १० टक्के कापले जातात, सरकार आपला वाटा घालते आणि या निधीची बाजारात गुंतवणूक होते. जुनी योजना परत मिळावी म्हणून १४ ते २० मार्च २०२३ असा सात दिवस संप झाला. ती मागणी रास्तच आहे. पण निधी आज कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न आपण विचारला काय?

२०१३ च्या कायद्याप्रमाणे निवृत्तिवेतन प्राधिकरणाचे अध्यक्ष व सदस्य केंद्र सरकार नेमते. विश्वस्त मंडळ ते प्राधिकरण नेमते. खातेदारांच्या वाट्याला येते ती सल्लागार समिती. जोखीम आपली, निर्णय दुसऱ्यांचा!

कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीच्या केंद्रीय मंडळावर कामगारांचे १० प्रतिनिधी असतात. तेही सरकारच नेमते, परंतु संघटनांचा विचार घेऊन. कॅलिफोर्नियातील शिक्षकांच्या निवृत्तिवेतन मंडळावर तर १२ पैकी तीन सदस्य शिक्षक स्वतः मतदानाने निवडतात.

कोणी म्हणेल, शिक्षकाला शेअरबाजारातले काय कळते? विश्वस्ताने शेअर खरेदी करायचे नसतात. कपात वेळेवर खात्यात पडली काय, व्यवस्थापनाचा खर्च किती, पैसा कोणत्या उद्योगांत गेला, हे त्याने विचारायचे असते. आपल्या पतपेढ्यांचे संचालक आपण निवडतोच की!

दुसरा आक्षेप आपल्यातलाच आहे : मंडळावर जागा मागणे म्हणजे नवी योजना मान्य करणे. मला हे पटत नाही. खटला चालू असताना वादातल्या शेताची राखण कोणी सोडत नाही.

मात्र मतदारयादी सर्वांची हवी. विधान परिषदेच्या कोकण शिक्षक मतदारसंघात पालघरचा माध्यमिक शिक्षक मत देतो. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकाला तो अधिकार नाही. विश्वस्तांच्या निवडणुकीत हा भेद नको. ज्याची कपात, त्याचे मत.

पुढल्या अधिवेशनात जुन्या योजनेच्या ठरावालगत हाही ठराव मांडा. घामाच्या पैशावर लोकशाहीचा पहारा बसवणे हे समाजवाद्यांचेच काम आहे.