चोरीचा अंदाज आणि फिर्यादीची नोंद

गुन्ह्याची चाहूल संगणकाला आधीच लागेल का? हे आजमावायला लॉस एंजेलिस पोलिसांनी अमेरिकी केंद्र सरकारच्या अनुदानातून २०११ मध्ये ‘लेझर’ उपक्रम सुरू केला. त्यात संशयितांना गुण दिले जात. पोलिसांनी रस्त्यात नुसतं हटकलं, तरी एक गुण वाढे! तपासणीत निकषांचा गोंधळ उघड झाला आणि २०१९ मध्ये हा उपक्रम गुंडाळला गेला.

महाराष्ट्रानं २०२४ मध्ये ‘मार्व्हल’ ही सरकारी कंपनी नागपुरात स्थापली. गुन्ह्यांचा अंदाज बांधणं हाही तिचा एक हेतू. पण यंत्र शिकतं जुन्या नोंदींवरून. जिंतूरच्या बाजारात मोबाइल चोरीला गेला आणि फिर्यादच दिली नाही, तर संगणकाच्या लेखी तिथे चोरी झालीच नाही. तेव्हा परभणीकरहो, चोरी लहान असली तरी ठाण्यात नोंदवा.