सरडा: एका मराठी शब्दाची विज्ञानातील नोंद

(हीरक महोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावरून सरड्यांविषयी बोलणे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु लखनौसारख्या शहरात मराठी माध्यमाची शाळा कशासाठी, हा प्रश्न आपल्याला साठ वर्षे विचारला जात आहे. मराठीत विज्ञान शिकून मुलांनी पुढे काय करायचे, असेही पालक काळजीने विचारतात. या प्रश्नाचा विचार करताना मला साताऱ्याजवळील चाळकेवाडीच्या पठारावरचा एक लहानसा सरडा आठवतो.

या सरड्याच्या नराच्या गळ्याखाली त्वचेची एक घडी असते. विणीच्या हंगामात तो ती पंख्यासारखी उघडतो आणि निळ्या, काळ्या व नारिंगी रंगांची झळाळी दिसते. १८२९ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ क्युव्हिए यांनी पुदुच्चेरीकडील अशाच गळ्याच्या एका सरड्याला ‘सिताना’ हे नाव दिले. पुढे दीर्घकाळ भारतातील असे बहुतेक सरडे त्या एकाच नावाखाली नोंदले जात होते. मेंढपाळांनी व शेतकऱ्यांनी ते रोज पाहिले होते. त्यांच्यातील भेद मात्र कोणी बारकाईने तपासले नव्हते.

ते काम दीपक वीरप्पन, वरद गिरी, प्रवीण कारंथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. २०१६ मध्ये त्यांनी पाच नव्या जाती आणि एक नवी प्रजाती जगापुढे मांडली. शास्त्रीय परिभाषेत एकमेकींच्या निकटच्या जातींच्या गटाला प्रजाती म्हणतात. या नव्या प्रजातीचे नाव त्यांनी ठेवले ‘सरडा’. आपल्या आजीच्या तोंडचा शब्द आता प्राणिशास्त्राच्या जागतिक नोंदीत आहे. चाळकेवाडीचा सरडा ‘सरडा सुपर्बा’ झाला. दुसऱ्या एका जातीला डार्विनचे नाव मिळाले.

नवी जाती सापडली, असे वृत्तपत्रात एका ओळीत छापून येते. त्यामागचे श्रम त्या ओळीत मावत नाहीत. ओल्या कातळांवर रात्री विजेरी घेऊन हिंडावे लागते. खवल्यांच्या रांगा, मांडीवरील सूक्ष्म छिद्रे, बोटांखालच्या पट्ट्या भिंगाखाली मोजाव्या लागतात. आनुवंशिक द्रव्याची तुलना करावी लागते. जुन्या संग्रहांतील नमुने पुन्हा पाहावे लागतात. ज्या प्राण्यावरून वर्णन लिहिले, तो संग्रहालयात जपून ठेवावा लागतो, म्हणजे पन्नास वर्षांनंतरही कोणालाही ते वर्णन पडताळून पाहता येते.

सह्याद्रीत अशा जाती इतक्या का आढळतात? डोंगरमाथा थंड व दमट असतो, मधली दरी उष्ण व कोरडी. दोन-तीन इंचांची पाल ती दरी ओलांडू शकत नाही. लक्षावधी वर्षे वेगळे राहिलेले दोन डोंगरांवरचे जीव हळूहळू वेगळे होत जातात. म्हणूनच २००८ मध्ये आपल्या घरातील पालीच्याच प्रजातीतील एक जाती साताऱ्याच्या नावाने नोंदली गेली आणि २००९ मध्ये दिवसा वावरणाऱ्या एका चिमुकल्या पालीला कोल्हापूरचे नाव मिळाले. या दोन्ही संशोधनांत वरद गिरी होते. २०१४ मध्ये कास परिसरातील एका पालीला तरुण अभ्यासकांनी त्यांचेच नाव दिले. आपल्याला जवळ असलेल्या हिमालयातही हेच घडते आहे: २०१८ मध्ये हिमाचलातील चंबा येथील पालीची एक नवी जाती त्या गावाच्या नावाने ओळखली जाऊ लागली.

नाव मिळाल्याने काय साधते, असे कोणी विचारील. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत. मारिया थॅकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी २०१८ मध्ये दाखवून दिले, की पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी कमी झाले, त्यामुळे सरडे वाढले. पण त्या सरड्यांची शरीरप्रकृती खालावली आणि गळ्यावरचे रंगही फिके पडले. ज्या पठाराला आपण पडीक म्हणतो, तिथे किती नाती गुंफलेली असतात, हे यावरून कळते. जो जीव ओळखताच येत नाही, त्याची हानी मोजणार कशी?

आता आपल्या मुलांकडे वळते. रोजच्या इंग्रजीत ज्यांना बहुधा एकाच शब्दाने संबोधले जाते, त्यांना मराठीत पाल, सरडा, घोरपड, सापसुरळी अशी वेगवेगळी नावे आहेत. आपली मुले अंगणात छिपकली आणि गिरगिट म्हणतात, घरी पाल आणि सरडा. हे दुहेरी धन आहे. ज्याच्याजवळ दोन शब्द आहेत, तो दोन गोष्टी वेगळ्या पाहायला लवकर शिकतो.

इंग्रजीला विरोध करावा, असे माझे म्हणणे नाही. ज्या निबंधात ‘सरडा’ हे नाव प्रसिद्ध झाले, तो इंग्रजीतच आहे. मुलांनी ती भाषा उत्तम शिकलीच पाहिजे. पण निरीक्षणाची पहिली सवय ज्या भाषेत लागते, ती भाषा मुलांच्या हातून काढून घेऊ नये, एवढीच माझी पालकांना विनंती आहे.

माजी विद्यार्थ्यांकडे एक मागणे आहे. शाळेच्या आवारातील आणि गोमतीकाठच्या जीवांची एक नोंदवही मुलांनी मराठीत लिहावी, अशी इच्छा आहे. आपल्यापैकी जे विज्ञानक्षेत्रात आहेत, त्यांनी वर्षातून एक दिवस मुलांसोबत भिंग घेऊन बसावे. भिंतीवरच्या पालीपासून आरंभ करू. हिमालय आणि सह्याद्री पुढे आहेतच.