जुन्या गाडीचे 'मिसिंग' आणि दोषाची चौकशी



ह्या व्यासपीठावर इतिहास, काव्य, अर्थशास्त्र अशा विषयांवर विद्वानांची भाषणे होत असतात. आम्ही कॉलेजचे तोंड पाहिलेले नाही. आमचे शिक्षण गॅरेजात, युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. म्हणून बोलण्याचे आमंत्रण आले तेव्हा ज्या विषयात आमचे हात काळे झाले तोच आम्ही निवडला. जुन्या मोटारीचे इंजिन मधूनमधून ठोका चुकवू लागले, कारागिरांच्या भाषेत गाडी 'मिसिंग' करू लागली, तर दोष कसा शोधावा, हा तो विषय. ज्या खडकीत १८६९ साली दारूगोळा कारखाना आला आणि १९४६ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑईल इंजिन्सने आपले बस्तान बसवले, तेथे इंजिनावर बोलण्यास संकोच कसला?

किर्लोस्करांचे डिझेल इंजिन ठिणगीवाचून चालते. त्यात हवाच दाबून तापवतात. आज बोलायचे आहे ते पेट्रोलच्या गाडीविषयी. उदाहरणाला प्रीमियर पद्मिनी घेऊ. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली उभारलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सची, कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या नमुन्यावर घडलेली ही गाडी. मुंबईतील तिची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस निवृत्त झाली. हौशी मंडळींच्या दारात मात्र ती अजून उभी दिसते.

तिच्या १०८९ सी. सी. च्या इंजिनात चार सिलिंडर असतात. ठिणगी एक, तीन, चार, दोन ह्या क्रमाने पडते. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर मिनिटाला ६,००० ठिणग्या, म्हणजे सेकंदाला १०० ठिणग्या पडतात. प्रत्येक ठिणगीसाठी पॉइंट एकदा उघडतात, कॉइल बॅटरीच्या बारा व्होल्टांचे दहा हजारांहून अधिक व्होल्ट करते, आणि डिस्ट्रिब्युटरातील रोटर तो करंट ज्याच्या त्याच्या प्लगकडे पोचवतो. ठिणगी, पेट्रोल-हवेचे मिश्रण आणि दाब ही तिन्ही वेळेवर एकत्र आली तर ठोका पडतो. एक चुकले की गाडी हिसके देते.

आता चौकशी. पहिला प्रश्न असा की, ठोका नियमाने चुकतो की कसाही? सायलेन्सरच्या आवाजाकडे लक्ष द्यावे. ठरावीक अंतराने चुकत असेल तर बहुधा एकच सिलिंडर बंद आहे. कसाही चुकत असेल तर जे चौघांचे सामाईक आहे, म्हणजे पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, रोटर, कार्बोरेटर, पेट्रोलपंप, त्याकडे वळावे.

एकच बंद असेल तर तो कोणता? इंजिन मंद चालू ठेवून, रबरी मुठीच्या पकडीने एकेका प्लगची वायर काढावी आणि काढलेले टोक इंजिनाच्या लोखंडाला टेकवून धरावे. वायर काढताच इंजिन अधिकच लंगडले तर तो सिलिंडर काम करीत होता. काहीच फरक पडला नाही, तर बसून राहिलेला तोच.

येथे पुष्कळ कारागीर थांबतात आणि नवा प्लग घालून मोकळे होतात. परंतु आपण अजून फक्त 'कोणता' हे शोधले आहे. 'का' हे शोधलेले नाही. त्या सिलिंडरचा प्लग शेजाऱ्याला द्यावा आणि शेजाऱ्याचा त्याला. दोष प्लगबरोबर गेला तर प्लग दोषी. जागेवरच राहिला तर तशीच वायरीची अदलाबदल करावी. मात्र दोन्ही वायरी डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवर आपापल्या क्रमांकालाच लावाव्यात. तरीही दोष जागेवरच राहिला तर टोपीतला त्या सिलिंडरचा खिळा पाहून घ्यावा आणि मग दाब मोजावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन एकदम बदलल्या आणि गाडी सुधारली, तर कशाने सुधारली हे कोणालाच सांगता येणार नाही.

प्लग काढल्यावर तो वाचावा. फिकट तपकिरी असेल तर ठीक. कोरडा काजळीचा असेल तर पेट्रोल जास्त. तेलकट काळा असेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्हकडून तेल येते. पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी पडते.

मिसिंग केव्हा होते, हाही मोठा साक्षीदार आहे. पावसाळ्यात सकाळीच होत असेल तर डिस्ट्रिब्युटरची टोपी कोरड्या फडक्याने पुसावी आणि तडा शोधावा. अंधारात बॉनेट उघडले तर फुटक्या वायरीतून उडणारी ठिणगी डोळ्यांना दिसते. गाडी तापल्यावर होत असेल तर कॉइलचा संशय घ्यावा. उन्हाळ्यात खंडाळ्याचा घाट चढताना होत असेल तर पेट्रोलची नळीतच वाफ झाली असेल. जुने ड्रायव्हर पंपावर ओले फडके टाकीत ते ह्यासाठीच. मंद चालताना थरथर आणि वेगात सुरळीत, असे असेल तर मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून हवा शिरते का, टॅपेट फार आवळलेले आहेत का, ते पाहावे. पॉइंट वारंवार जळत असतील तर कंडेन्सर तपासावा.

जुन्या गाडीपुढे काळानेही काही अडचणी आणल्या आहेत. २००० साली देशभर पेट्रोलमधील शिसे बंद झाले. लोकांच्या फुप्फुसांसाठी ते योग्यच झाले, परंतु जुन्या व्हॉल्व्हच्या बैठकांना शिशाचा आधार होता. अलीकडे इथेनॉलचे प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत आले आहे. त्याने मिश्रण थोडे पातळ होते आणि जुने रबर फुगते. तेव्हा पंपाचा पडदा आणि नळ्या पाहाव्यात.

एवढा तपशील आम्ही का सांगितला? चुकीच्या निदानाची किंमत कोण देतो, हे आम्ही पाहिले आहे म्हणून. वीसएक वर्षांपूर्वी एका गॅरेजात एक पद्मिनी दुरुस्तीनंतर पुन्हा पुन्हा परत येऊ लागली. मधले दोन सिलिंडर काम करीत नव्हते. प्लग, वायरी, कंडेन्सर बदलून झाले. अखेर मालकाने ठरवले की हेल्परने प्लग नीट बसवले नाहीत, आणि त्याचा पंधरा दिवसांचा पगार कापला. पोरगा आमच्याकडे आला. आम्ही एका वृद्ध मिस्त्रींना घेऊन गेलो. त्यांनी कोणाशी वाद घातला नाही. चारही प्लग काढून दाब मोजला. कडेच्या दोघांचा चांगला, मधल्या दोघांचा जवळजवळ निम्मा. शेजारचे दोन एकदम गेले म्हणजे हेड गॅस्केट त्या दोघांच्या मध्ये जळलेले असण्याचा संभव मोठा. हेड उघडले तेव्हा ते तसेच निघाले. पगार परत मिळाला. परंतु पोरगा त्या गॅरेजात पुन्हा गेला नाही. ग्राहकाने चांगल्या सामानाचे जे पैसे भरले होते, ते तर गेलेच.

नव्या गाडीत संगणक असतो. स्कॅनर लावला की तो सांगतो, अमुक सिलिंडर ठोका चुकवतो. पण तोही 'कोणता' एवढेच सांगतो. 'का' हे शोधायला माणूसच लागतो, आणि त्या माणसाला वेळ लागतो. घाईने सामान बदलणाऱ्याला पैसे मिळतात आणि तासभर शोधणाऱ्याला 'वेळ काढतो' असा शेरा मिळतो. ही रीत मोडली पाहिजे. ग्राहक म्हणून आपणही एवढे करू शकतो. सामान बदलण्यापूर्वी विचारावे, दोष कसा ठरवला? काढलेला प्लग पाहायला मागावा. आणि शोधण्याची मजुरी खुशीने द्यावी.

बंद पडलेला सिलिंडर दोषी असतोच असे नाही. पुष्कळदा त्याच्यापर्यंत ठिणगीच पोचलेली नसते. माणसावर ठपका ठेवण्यापूर्वीही ही चौकशी व्हावी, एवढेच आमचे मागणे आहे.