दोन उपाय आणि एक मूत्राशय

प्रयोगशाळेंतील २५-३० ग्रॅम वजनाचा एखादा उंदीर किती वेळां लघवी करतो, हा प्रश्न व्यवहारी मनुष्यास हास्यास्पद वाटण्याचा संभव आहे. परंतु इंग्लंडांत लंडनजवळ नॉर्थवुड येथील ग्रे प्रयोगशाळेंतल्या संशोधकांनीं हाच प्रश्न मोठ्या गांभीर्यानें हातीं घेतला आणि त्या अभ्यासाचें फलित १९७८ सालीं प्रसिद्ध केलें. किरणांची मात्रा आज ज्यांच्या नांवानें मोजली जाते, त्या लुई हॅरल्ड ग्रे यांनीं ही प्रयोगशाळा १९५३ सालीं उभारली होती. उंदीर आपली व्यथा बोलून दाखवूं शकत नाहीं. परंतु त्याचा मूत्राशय आकसला, कीं त्याला वारंवार लघवी होऊं लागते. ती संख्या मोजली, म्हणजे पोट न फाडतां आंतील हानीचा अदमास येतो आणि तोच प्राणी महिनोगणती निरीक्षणाखालीं ठेवतां येतो.

श्रोतेहो, हा खटाटोप कशासाठीं, हें समजण्याकरितां मूत्राशयाची रचना थोडी ध्यानांत घेतली पाहिजे. मूत्राशय ही एक लवचिक पिशवी असून तिच्या आंतल्या बाजूस पेशींचें एक नाजूक अस्तर असतें. मूत्रांतील तीव्र द्रव्यें भिंतींत झिरपूं नयेत, हें या अस्तराचें मुख्य कार्य होय. आंतड्याचें अस्तर कांहीं दिवसांतच नवें होतें; मूत्राशयाच्या अस्तरास मात्र नवें होण्यास महिनेच्या महिने लागतात. त्याच्या पेशी बहुतेक काळ स्वस्थ असतात, आणि पुढील सर्व अनर्थाचें बीज या स्वस्थतेंतच आहे.

कर्करोगावर क्ष-किरणांचा उपचार केला असतां किरणांचा मुख्य घाव पेशींच्या विभाजनशक्तीवर पडतो. जी पेशी विभागूं पाहते, तिचें मरण लवकर उघडकीस येतें. जी स्वस्थ आहे, ती वरकरणीं धडधाकट दिसते. भाजलेलें बीं दिसावयास इतर बियांसारखेंच असतें. तें निर्जीव झालें आहे, हें पेरल्यावांचून कळत नाहीं. मूत्राशयाच्या पेशींचेंही तसेंच आहे. म्हणून किरणांची खरी हानि उंदरांत कांहीं महिन्यांनीं आणि मनुष्यांत कित्येकदां वर्षांनीं प्रकट होते. अस्तर विरळ होतें, सूक्ष्म रक्तवाहिन्या बिघडतात, भिंत निबर होऊन पिशवीची धारणशक्ति घटते, आणि क्वचित् लघवींतून रक्त जाऊं लागतें.

दुसऱ्या उपायाची रीत अगदीं निराळी आहे. जर्मनींतील नॉर्बर्ट ब्रोक व त्यांचे सहकारी यांनीं १९५० नंतरच्या दशकांत सायक्लोफॉस्फामाइड नांवाचें औषध पुढें आणलें. तें शरीरांत गेल्यावर यकृतांत त्याचें रूपांतर होतें आणि त्यापासून शेवटीं दोन द्रव्यें निर्माण होतात. एक कर्कपेशींचा संहार करतें, दुसरें ॲक्रोलीन. कढईंतील तेल जळूं लागलें म्हणजे डोळ्यांना व घशाला झोंबणारा जो धूर उठतो, त्यांतील झोंबरें द्रव्य तें हेंच. तें मूत्रावाटे मूत्राशयांत उतरतें आणि तेथें साचून अस्तराला पोळून काढतें. मूत्राशयाच्या या दाहाचें कारण ॲक्रोलीन आहे, हें १९७९ सालीं दाखविण्यांत आलें. येथें महिन्यांची वाट पाहावी लागत नाहीं; मोठी मात्रा दिलेल्या उंदराचें अस्तर थोड्याच काळांत गळून पडतें. मग उरलेल्या पेशी झोपेंतून जाग्या होतात, झपाट्यानें विभागूं लागतात आणि कांहीं दिवसांत उघडी पडलेली भिंत पुन्हां झांकतात.

आतां हे दोन्ही उपाय एकाच रोग्यावर आले तर काय होईल? औषधानें अस्तर सोलून काढलें आणि तें पुन्हां विणण्याचें काम ज्या पेशींवर आलें, त्यांची विभाजनशक्ति किरणांनीं आधींच हिरावलेली असली, तर भाजलेलें बीं पेरण्याचीच वेळ आली म्हणावयाची. म्हणूनच संशोधकांनीं क्रम आणि काळ यांकडे लक्ष वळविलें. औषध आधीं कीं किरण आधीं, आणि दोहोंत अंतर किती, हें पालटून उंदरांच्या मूत्राशयावरील परिणाम तपासणारा अभ्यास १९८३ सालीं प्रसिद्ध झाला. ओटीपोटावर किरणोपचार झालेल्या रोग्यास या औषधापासून रक्तस्रावी मूत्राशयदाह होण्याचा धोका अधिक असतो, ही गोष्ट आज वैद्यकांत मान्य आहे.

यावर उपाय नाहींत असें नव्हे. मेस्ना नांवाचें द्रव्य सायक्लोफॉस्फामाइडच्या मोठ्या मात्रेबरोबर देतात. तें रक्तांत निष्क्रिय राहतें, मूत्रपिंडांत पुन्हां क्रियाशील होतें आणि मूत्रांतील ॲक्रोलीनला बांधून टाकतें. औषधाचा कर्कनाशक गुण मात्र अबाधित राहतो. भरपूर पाणी देऊन मूत्राशय वारंवार रिता ठेवणें, हाही त्याच नीतीचा भाग होय. परंतु मेस्ना ॲक्रोलीनला आवरतें. किरणांनीं पूर्वीं केलेली हानि तें भरून काढूं शकत नाहीं.

या हकीकतींतून उपचारांविषयीं भीति घेणें अयोग्य होईल. दोन्ही उपायांनीं असंख्य जीव वांचले आहेत. घ्यावयाचा बोध इतकाच, कीं शरीर पूर्वींचा घाव विसरत नाहीं, जरी रोगी तो विसरला तरी. सायक्लोफॉस्फामाइड संधिवाताच्या वर्गांतील कांहीं उग्र विकारांतही दिलें जातें. अशा वेळीं दहा वर्षांपूर्वीं ओटीपोटावर किरण घेतलेल्या स्त्रीनें ती गोष्ट जुनी म्हणून वगळूं नये. जुने कागद जपून ठेवावे, वैद्यास दाखवावे, आणि लघवींत रक्त दिसतांच संकोच सोडून सांगावें. मुक्या उंदरांची व्यथा जाणण्यासाठीं संशोधकांनीं एवढे सायास केले; ज्याला वाचा आहे, त्यानें तरी मौन धरूं नये.