सायंकाळच्या दोन घटिका



रात्रिभोजनत्याग हा श्रावकाचा कुळाचार होय. सूर्यास्तापूर्वी दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे आधी आहार आटोपावा, असे शास्त्रकारांनी सांगितले. अंधारात सूक्ष्म जीव दिसत नाहीत, हे त्याचे एक प्रमुख कारण. म्हणजेच या व्रताचा पाया केवळ न खाणे हा नसून पाहणे हा आहे.

आज व्रत टिकले, परंतु पाहणे हरवत चालले आहे. दिवेलागणीची वेळ ही पेठेत गिऱ्हाइकांच्या गर्दीची. डबा दुकानातच घाईने उघडला जातो. सूर्यास्ताची वेळ दिनदर्शिकेत पाहिली जाते; सूर्य मात्र पाहिला जात नाही.

वास्तविक बालाघाटच्या पठारावरील धाराशिव परिसराला मोकळे क्षितिज लाभले आहे. येथे नोव्हेंबरअखेर पावणेसहाच्या सुमारास मावळणारा सूर्य जुलैच्या प्रारंभी सातनंतर मावळतो, आणि त्याची मावळण्याची जागाही दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते. त्यानंतरचा संधिप्रकाश जेमतेम एक घटिका टिकतो. तेवढ्या अवधीत साळुंक्या झाडांवर कलकलाट करीत विसावतात, वटवाघळे बाहेर पडतात. पहिल्या पावसानंतर पंख फुटलेली वाळवी दिव्यावर झेपावते. ती झेप ज्या बालकाने पाहिली, त्याला रात्रिभोजनत्यागाचे कारण निराळे समजवावे लागत नाही.

भूम तालुक्यातील कुंथलगिरी ही कुलभूषण-देशभूषण मुनींची निर्वाणभूमी. आचार्य शांतिसागर महाराजांची सल्लेखनाही १९५५ मध्ये तेथेच झाली. या परंपरेतील मुनी ईर्यासमितीनुसार चार हात भूमी न्याहाळून पाऊल टाकतात आणि सूर्यास्तानंतर विहार करीत नाहीत. त्यांची गती दृष्टीच्या अधीन असते.

गृहस्थाला एवढी साधना झेपणार नाही. तथापि भोजनानंतर आणि सामायिकास बसण्यापूर्वी दहा मिनिटे गच्चीवर किंवा अंगणात शांत बसणे त्याला सहज शक्य आहे. मोबाईल घरात ठेवावा, नातवंडांना सोबत घ्यावे. सूर्य आज कोणत्या झाडाआड गेला, एवढे पाहिले तरी पुरे. दहा मिनिटांनी गल्ल्यात फारशी तूट येत नाही. मात्र न पाहता पाळलेला नियम पुढच्या पिढीला केवळ बंधन वाटतो, आणि बंधन वाटले की तो सुटतो. जीवदयेची सुरुवात जीव दिसण्यापासून होते. त्यासाठी क्षणभर थांबावे लागते.