पेटीतल्या बाळाचे डोळे

बाळ सातव्या महिन्यात झालं की घरात सगळी विचारपूस वजनाची. दीड किलो भरलं का, पेटीतून बाहेर कधी येणार, अंगावर कधी पाजायचं. डोळ्यांचं कुणाच्या मनातही येत नाही. बाळ तर टुकुटुकु बघत असतं.

गोम डोळ्याच्या आतल्या पडद्यात असते. पडद्याच्या रक्तवाहिन्या चौथ्या महिन्यापासून मधून कडेकडे सरकू लागतात आणि नऊ महिने भरता भरता कडेला पोचतात. बाळ आधीच आलं तर हे काम अर्धवट राहतं. पुढच्या आठवड्यांत वाहिन्या भलत्या जागी, भलत्या जोमानं फुटतात आणि पडद्याला ओढून जागेवरून सोडवतात. डॉक्टर मंडळी याला ‘आरओपी’ म्हणतात. बोस्टनच्या थिओडोर टेरींनी १९४२ मध्ये त्याची पहिली नोंद केली. नंतरच्या दहा-बारा वर्षांत पाश्चात्त्य देशांत हजारो बाळांची दृष्टी गेली आणि कारण निघालं सढळ हातानं दिलेला ऑक्सिजन. वॉशिंग्टनमध्ये अर्नाल पॅट्झ यांनी काही बाळांना ऑक्सिजन कमी देऊन पाहायचं ठरवलं, तर परिचारिका रात्री गुपचूप तो वाढवायच्या. बाळाचा जीव गुदमरतोय, असं त्यांना मनापासून वाटे.

आज वेळेत लेसर केला तर बहुतेक बाळांची दृष्टी वाचते. तो करायचा की नाही, हे ठरवणारी मोठी खूण म्हणजे ‘प्लस’: पडद्याच्या मधल्या भागातल्या वाहिन्या फुगून नागमोडी होणं. पण किती फुगल्या म्हणजे प्लस? इथंच घोडं अडतं. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २२ तज्ज्ञांपुढे ३४ फोटो ठेवले होते. प्लस आहे, प्लसच्या अलीकडचं आहे की काहीच नाही, एवढंच सांगायचं होतं. सगळ्यांचं एकमत झालं ४ फोटोंवर.

याच गोंधळात संगणक आला. मायकल चिअंग, पीटर कॅम्पबेल, जयश्री कल्पथी-क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५,५११ फोटोंवर एक प्रणाली शिकवून तयार केली आणि २०१८ मध्ये तिचे निष्कर्ष मांडले. ती आधी फोटोतल्या वाहिन्या तेवढ्या वेगळ्या काढते, रांगोळीच्या रेघांसारख्या, आणि मग निवाडा देते. नव्या १०० फोटोंपैकी ९१ तिनं बरोबर ओळखले. आठ तज्ज्ञांपैकी सहा जण तिच्या मागे पडले. बरोबर उत्तर कोणतं, हे आधी माणसांनीच एकत्र बसून ठरवलं होतं, हेही सांगायला हवं.

पुढे या प्रणालीतून १ ते ९ असा तीव्रतेचा आकडा निघू लागला. भारतातल्या एका दूरतपासणी कार्यक्रमातले फोटो तिला दाखवले, तेव्हा उपचारांची गरज असलेलं एकही बाळ तिच्या नजरेतून सुटलं नाही. मात्र गरज नसलेल्या काही बाळांवरही तिनं बोट ठेवलं. त्याहून बोलका निष्कर्ष निराळाच होता. ज्या नवजात कक्षांत ऑक्सिजनमध्ये हवा मिसळणारा ब्लेंडर आणि पल्स ऑक्सिमीटर नव्हते, तिथल्या बाळांचे आकडे चढे होते. त्यातल्या त्यात थोराड बाळांचे. डोळ्याचा फोटो वाचता वाचता यंत्रानं कक्षातली उणीवही वाचली. सत्तर वर्षांपूर्वीचा तोच ऑक्सिजन!

संगणकाला फोटो मात्र कुणीतरी काढून द्यावा लागतो. बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळायचं, डोळ्यांत थेंब घालायचे, पापण्या चिमट्यानं उघड्या धरायच्या आणि जेल लावून कॅमेरा अलगद बुबुळावर टेकवायचा. कर्नाटकात ‘किडरॉप’ या दूरतपासणी कार्यक्रमानं २००८ पासून तंत्रज्ञांना हे शिकवून गावोगावच्या नवजात कक्षांत पाठवलं, फोटो पाहणारे डॉक्टर बंगळूरमध्ये. हा मार्ग संगणकाहूनही मोलाचा आहे. कारण बरीचशी बाळं आंधळी होतात ती निदान चुकल्यामुळे नव्हे, तर तपासणीच न झाल्यामुळे. १९९६ मध्ये चेन्नईत जन्मलेल्या अशाच एका मुलीला सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये सुमारे १.८ कोटी रुपये भरपाई दिली. तोवर ती अठरा वर्षांची झाली होती.

आजी-आजोबांनी एवढं लक्षात ठेवावं. बाळ ३४ आठवड्यांच्या आत जन्मलं किंवा जन्मतः दोन किलोंहून कमी भरलं, तर पडद्याची पहिली तपासणी ३० दिवसांच्या आत झाली पाहिजे; फारच लहान बाळाची दोन-तीन आठवड्यांतच. डिस्चार्ज कार्डावर तिची तारीख नसेल, तर ती लिहून घेतल्याशिवाय बाळाला घरी आणू नये.