शाळाप्रवेश आणि क्रीडांगण

जून महिना उजाडला की शहागंजातील वर्दळीला निराळाच रंग चढतो. घड्याळाच्या मनोऱ्याभोवतालच्या दुकानांतून गणवेशाचे कापड, वह्या, दप्तरे यांची खरेदी चालू असते, आणि कापड मोजून होईपर्यंत शेजारी उभ्या राहिलेल्या दोन पालकांत जे बोलणे होते, ते बहुधा एकाच विषयावर. कोणाच्या मुलाला किती गुण पडले, कोणत्या शाळेत जागा मिळाली, फी किती भरावी लागली. या जुन्या प्रश्नांत आता एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे : "मुलगा खेळतो काय? आणि खेळत असेल तर प्रमाणपत्र कोणत्या पातळीचे?"

प्रश्न वरवर साधा दिसतो. परंतु खेळ हा मुलाच्या प्रकृतीसाठी, आनंदासाठी, की शाळेचे दार उघडण्यासाठी, याचा निवाडा त्यात दडलेला आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार देणारा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या तेराव्या कलमाने शाळेत प्रवेश देताना देणगी घेण्यास व मुलाची किंवा पालकांची चाळणी लावण्यास बंदी केली. चाळणी लावणाऱ्या शाळेस पहिल्या वेळी २५,००० रुपयांपर्यंत व पुढील प्रत्येक वेळी ५०,००० रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. म्हणजे सहा ते चौदा वर्षांच्या बालकास पहिली ते आठवीच्या वर्गात घेताना "याचे गणित कच्चे आहे" असे म्हणून जसे परत पाठविता येत नाही, तसेच "हा शंभर मीटर अंतर फार सावकाश धावतो" असे म्हणूनही पाठविता येत नाही. याच कायद्याच्या परिशिष्टात शाळेला क्रीडांगण असले पाहिजे असेही लिहिले आहे. दाट वस्तीतील कित्येक शाळांच्या वाट्याला क्रीडांगण म्हणून फरशीचे चार हात अंगण येते, ही गोष्ट वेगळी.

नववीपासून मात्र ही मर्यादा संपते, आणि खाजगी संस्थांचे धोरण तेथून सुरू होते. ज्या हायस्कुलाला आंतरशालेय सामन्यांत ढाल मिळवावयाची असते, त्याला तयार खेळाडू हवा असतो. मग फीमध्ये सवलत, वसतिगृहात जागा, बुटांचा खर्च अशा गोष्टी पुढे येतात. यात वाईट काही नाही. गरीब घरातील चपळ मुलाला यामुळे चांगले शिक्षण मिळाल्याची उदाहरणे पुष्कळ सापडतील. परंतु पालकाने एक गोष्ट प्रवेशाच्या दिवशीच विचारून, शक्य तर लिहून घ्यावी : खेळताना गुडघा दुखावला आणि मुलाला वर्षभर मैदानावर उतरता आले नाही, तर ही सवलत राहणार की जाणार? शर्यतीचा घोडा लंगडू लागल्यावर त्याचे काय होते हे सर्वांस ठाऊक आहे. मूल घोडा नव्हे.

दहावीनंतर गोष्ट आणखी गुंतागुंतीची होते. शालेय क्रीडा स्पर्धांत चौदा, सतरा व एकोणीस वर्षांखालील असे गट असून जिल्हा, विभाग, राज्य, राष्ट्र अशा पायऱ्या आहेत. खेळाडू ज्या पायरीपर्यंत पोहोचला असेल त्या मानाने महाराष्ट्रात दहावी-बारावीच्या परीक्षेत त्याला सवलतीचे गुण मिळतात. त्यांची कमाल मर्यादा २५ गुणांची. पंचवीस हा आकडा लहान वाटेल, पण पाचशे गुणांपैकी पंचवीस म्हणजे शेकडा पाच. अकरावीच्या यादीत जेथे अर्ध्या टक्क्यावर नाव वर-खाली सरकते, तेथे शेकडा पाच म्हणजे केवढी उडी! अलीकडे काही विद्यार्थ्यांना दहावीत शेकडा शंभर गुण पडल्याच्या वार्ता येतात, त्यांतही या वाढीव गुणांचा वाटा असतो.

जेथे गुण आले तेथे हिशेब आला, आणि हिशेबाच्या मागोमाग लबाडीही आली. वय कमी दाखवून मोठ्या मुलाला लहान गटात उतरविण्याचा रोग जुनाच आहे. नवा रोग खोट्या प्रमाणपत्रांचा. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी शेकडा पाच जागा राखीव आहेत. त्या मिळविण्यासाठी ट्रॅम्पोलिनसारख्या, सामान्य माणसाने कधी डोळ्यांनी न पाहिलेल्या खेळाची बनावट प्रमाणपत्रे वाटली गेल्याचे प्रकरण या राज्यात गाजले. पाश्चात्त्य देशही यातून सुटलेले नाहीत. अमेरिकेत नामांकित विद्यापीठे खेळाडूंना प्रवेशात उघड झुकते माप देतात. २०१९ च्या मार्च महिन्यात तेथे असे उघडकीस आले की, काही श्रीमंत आईबापांनी पैसे चारून आपल्या मुलांना खेळाडू ठरविले होते. ज्यांनी नौकेचे वल्हे स्पर्धेसाठी कधी हाती धरले नव्हते, त्यांची छायाचित्रे वल्हविण्याच्या यंत्रावर बसवून काढली होती. आईबाप व प्रशिक्षक, दोघांनाही तुरुंग पाहावा लागला. तेथील हायस्कुलांच्या क्रीडासंघटना मात्र निदान कागदावर कडक आहेत. केवळ खेळासाठी दुसऱ्या शाळेचा विद्यार्थी फोडून आणण्यास त्यांची मनाई असते.

उलट बाजूही पाहिली पाहिजे. खेळाला प्रवेशात काहीच स्थान नसावे, असे म्हणणाऱ्यांनी कराडजवळच्या गोळेश्वर गावच्या खाशाबा जाधवांची हकीकत आठवावी. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिम्पिकला जाण्यासाठी त्यांच्याजवळ पैसे नव्हते. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक होय. येथे कॉलेजाने खेळाडूच्या जिवावर नाव कमावले असे कोणी म्हणणार नाही. गहाण पडले होते ते प्राचार्यांचे घर.

खेळाडू लहानपणीच ओळखता येतो काय, हाही एक प्रश्नच आहे. महाराष्ट्र शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत मुले निवडताना उंची, वजन, तीस मीटर धाव, आठशे मीटर धाव, उभी उडी, मेडिसिन बॉलची फेक, अंगाची लवचिकता अशा कसोट्या घेतात. कसोट्या शास्त्रोक्त आहेत, आणि मुलांना त्यांतून राहण्याजेवण्याची व शिक्षणाची सोयही मिळते. परंतु बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे पाहा. बारावीनंतर तो सैन्यात गेला आणि मैदानी शर्यतींकडे त्याचे खरे लक्ष लागले ते पलटणीत असताना. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत त्याने ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक घेतले. बाराव्या वर्षी टेपने मोजलेली उडी विसाव्या वर्षाचे सर्व भविष्य सांगत नाही. कित्येक धान्ये उशिरा उगवतात.

आता शहागंजाकडे परत येऊ. समजा, राजाबाजाराच्या एका गल्लीत राहणारी नववीतील मुलगी खो-खो खेळते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीस खो-खोची पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि भारताच्या पुरुषांनी व स्त्रियांनी, दोघांनीही अजिंक्यपद मिळविले. दोन्ही संघांचे नायकत्व महाराष्ट्राकडे होते. ते सामने या मुलीने डोळ्यांत तेल घालून पाहिले. तिची आई म्हणते, "पुढल्या वर्षी दहावी. आता मैदान बंद." वडील म्हणतात, "राज्य पातळीपर्यंत गेली तर गुण मिळतील, तोवर चालू द्या." दोघांनाही मुलीचे कल्याणच हवे आहे. पण दोघांच्याही बोलण्यात खेळ हा केवळ खर्चाचा किंवा जमेचा एक रकाना झाला आहे. जिल्ह्यातच हार झाली तर वडीलही आईच्या बाजूला जातील, हे मुलीला चांगले ठाऊक आहे, आणि म्हणूनच हल्ली सामन्याच्या आदल्या रात्री तिला झोप लागत नाही. पूर्वी ती हरली तरी घरी येऊन दोन भाकऱ्या अधिक खात असे.

अशा घरी व्यवहाराचा तोडगा फार अवघड नसतो. आमखास मैदान शहागंजापासून दूर नाही. गारखेड्याचे विभागीय क्रीडासंकुल लांब पडते, पण सुटीच्या दिवशी जाण्यासारखे आहे. शिकवणी सकाळी ठेवली तर संध्याकाळचा तास-सव्वा तास मोकळा होतो. एवढ्याने दहावी बुडाल्याचे कोणी दाखवून देईल असे वाटत नाही. प्रमाणपत्र मिळाले तर शाळेमार्फत वेळेवर पाठवावे, कारण मुदत उलटून गेल्यावर कचेरीत हेलपाटे घालणारे पालक दरवर्षी दिसतात. न मिळाले तर त्याची चर्चा जेवणाच्या पानावर करू नये. शाळेची निवड करतानाही फलकावरील विजेत्यांची नावे वाचून परत फिरू नये. संध्याकाळी पाच वाजता जाऊन पाहावे. संघातली बारा मुले खेळत आहेत आणि उरलेली शेकडो फाटकाबाहेर रिक्षात कोंबली जात आहेत, की जिला कधीच ढाल मिळणार नाही अशी एखादी स्थूल मुलगीही धापा टाकीत, हसत खांबाकडे धावते आहे?